रणगाडा घोड्याच्या जागी आला तेव्हा

पाथर्डीहून नगरला जाणारी एसटी करंजी घाट ओलांडते, मेहेकरी मागं टाकते आणि सलाबतखानाच्या कबरीचा डोंगर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला चांदबिबीचा महाल, दिसू लागतो. पुढे भिंगार, आणि भिंगारला लागून लष्कराची छावणी. तालुक्यातल्या भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना इथल्या संस्थांची नावं तोंडपाठ असतात. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटर, लष्करी गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई. भारतीय लष्कराचा रणगाडा चालवायला शिकलेला जवान कधी ना कधी नगरचं पाणी पिऊन गेलेला असतो.

आता अहिल्यानगर हे नाव मिळालेल्या या शहराची रणगाड्यांशी सोयरीक जवळजवळ शंभर वर्षांची आहे. ती जुळली दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांत. त्या काळात जगभरच्या सेनापतींना एका प्रश्नानं पछाडलं होतं : टेहळणी, पाठलाग, शत्रूच्या बगलेवर अचानक झडप, ही घोडदळाची कामं यंत्राकडून करून घेता येतील का? त्या प्रश्नातून जन्माला आला वेगवान हलका रणगाडा. तो चपळ कसा झाला, त्या चपळाईची किंमत काय पडली आणि ती कोणी मोजली, याचा हिशेब मोठा उद्बोधक आहे.

भातवडीचा धडा

नगरच्या पूर्वेला, पाथर्डीकडून येताना फार वाट वाकडी न करता जाता येईल असं भातवडी हे गाव आहे. 1624 मध्ये इथं निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याची मोगल आणि आदिलशाही फौजांशी गाठ पडली. समोरची फौज मोठी, तोफा आणि सामानसुमानानं जड झालेली. अंबरानं भातवडीच्या तलावाचा बांध फोडून शत्रूची वाट चिखलात घातली आणि हलक्या घोडेस्वारांच्या टोळ्यांनी रात्री-अपरात्री छापे घालून तिला जेरीस आणलं. शहाजीराजे या लढाईत गाजले, त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. जड सैन्य रुतलं आणि हलकं सैन्य त्याच्याभोवती फिरत राहिलं.

दख्खनला हे गणित नवं नव्हतं. युरोपला ते पहिल्या महायुद्धानं नव्यानं शिकवलं. मशीनगन आणि काटेरी तारांपुढे घोडदळ निकामी झालं आणि सैन्यं खंदकात अडकून पडली. त्यातून सुटण्यासाठी इंग्रजांनी रणगाडा काढला. 15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत तो प्रथम उतरला तेव्हा 49 पैकी जेमतेम 32 गाड्या हल्ल्याच्या जागेपर्यंत पोचल्या. 28 टनांचं धूड, 105 अश्वशक्तीचं इंजिन, आत आठ माणसं आणि वेग ताशी 6 किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. आठांपैकी चौघं तर नुसती ती गाडी चालवण्यात आणि वळवण्यात गुंतलेली. चाकांना स्प्रिंग नाहीत, इंजिन माणसांच्या मधोमध, धूर आणि उष्णता आतच कोंडलेली. ही गाडी खंदक ओलांडायची, तारा चिरडायची. पण फळी फुटल्यावर पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग करणं तिच्या आवाक्यात नव्हतं.

पाठलागासाठी म्हणून 1918 मध्ये ‘व्हिपेट’ आला. वजन निम्मं, 14 टन. दोन पट्ट्यांना दोन वेगळी इंजिनं, आणि गाडी वळवायची तर चालकानं एका इंजिनाचा जोर वाढवायचा, दुसऱ्याचा कमी करायचा. ही कसरत करत व्हिपेट ताशी 13 किलोमीटर गाठायचा. 8 ऑगस्ट 1918 रोजी आमिएँच्या लढाईत तो घोडदळाच्या जोडीला दिला गेला आणि जोडी जमलीच नाही. मोकळ्या रानात घोडे पुढे निघून जायचे आणि व्हिपेट मागे राहायचे. मशीनगन सुरू झाली की घोडे अडायचे आणि व्हिपेट एकटेच पुढे जायचे. घोड्याच्या जोडीला रणगाडा चालणार नाही, त्यानं घोड्याची जागाच घ्यायला हवी, हे त्या दिवशी पुष्कळांना पटलं.

इंजिन, स्प्रिंग आणि चेन

रणगाडा वेगानं पळायचा तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे एका टनाला किती अश्वशक्ती मिळते. 1916 च्या रणगाड्याला टनामागे चारसुद्धा मिळत नव्हत्या. व्हिपेटला साडेसहाच्या आसपास. 1930 च्या दशकातल्या हलक्या रणगाड्यांना सोळा-सतरा मिळू लागल्या. यात अर्धं श्रेय सुधारलेल्या इंजिनांचं आणि उरलेलं वजनात केलेल्या काटछाटीचं. वजन कमी करायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे चिलखत, कारण रणगाड्याच्या वजनात मोठा वाटा पोलादाच्या जाड पत्र्यांचा असतो. या पहिल्याच पायरीवर सौदा ठरून गेला : वेग हवा तर पत्रा पातळ.

दुसरी गोष्ट स्प्रिंगची. इंजिन कितीही ताकदीचं असलं तरी उघड्या माळावर, दगड-धोंड्यांतून, स्प्रिंग नसलेली गाडी जोरात हाकली तर आतली माणसं आधी मोडतात. इंग्लंडच्या हलक्या रणगाड्यांना सिडनी हॉर्स्टमन यांनी बनवलेली रचना मिळाली. तिच्यात चाकं जोडीजोडीनं बसवलेली आणि दोघांच्या मधली स्प्रिंग धक्का वाटून घेणारी. या गाड्या पळायच्या झकास, पण आखूड असल्यामुळे पुढे-मागे डोलायच्याही तितक्याच. चालत्या गाडीतून नेम धरणं मोठं कठीण होऊन बसायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे चेन, अर्थात पोलादी पट्टा. तिचं काम पाथर्डीच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पावसानंतर काळ्या रानात भरलेली ट्रॉली चाकापर्यंत रुतते, पण तिच्याहून कितीतरी जड पोकलेन त्याच रानात आरामात फिरतो, कारण त्याचं वजन चेनच्या सगळ्या लांबी-रुंदीवर पसरलेलं असतं. रणगाड्याचं तत्त्व नेमकं हेच. अडचण टिकाऊपणाची होती. पहिल्या महायुद्धातल्या चेन थोड्याच अंतरात झिजायच्या, म्हणून रणगाडे लढाईच्या जागेपर्यंत रेल्वेनं न्यावे लागायचे. वेगवान रणगाड्याला लांब पल्ला मारायचा होता. त्यासाठी चांगल्या धातूच्या, लहान कड्यांच्या, हलक्या चेन हव्या होत्या.

हे तिन्ही धागे एकत्र आणणारी जोडी म्हणजे सर जॉन कार्डन आणि व्हिव्हियन लॉइड. 1925 मध्ये मार्टेल या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या गॅरेजात मोटारीचे सुटे भाग जोडून एका माणसाचा चिमुकला रणगाडा बनवून दाखवला होता. कार्डन आणि लॉइड यांनी ती कल्पना पक्की केली. त्यांची ‘मार्क 6’ ही दीड टनाची गाडी फोर्डच्या मॉडेल-टी मोटारीच्या इंजिनावर ताशी 45 किलोमीटरच्या आसपास पळायची. आत दोन माणसं, एक मशीनगन, वर छप्परही नाही. स्वस्त, लहान आणि बनवायला सोपी, म्हणून ती जगभर गेली. इटली, पोलंड, रशिया, चेकोस्लोव्हाकिया, सगळ्यांनी तिच्यावरून आपापल्या आवृत्त्या काढल्या. 1928 मध्ये व्हिकर्स कंपनीनं कार्डन-लॉइड विकत घेतली आणि तिथून ब्रिटनच्या हलक्या रणगाड्यांची मालिका सुरू झाली. कार्डन 1935 च्या डिसेंबरात विमान अपघातात गेले, पण तोवर त्यांच्या कल्पनांवर निम्म्या जगाची हलकी चिलखती दलं उभी राहिली होती.

अमेरिकेत याच सुमाराला जे. वॉल्टर ख्रिस्टी नावाचा एक हट्टी माणूस वेगळ्याच वाटेनं चालला होता. तो मूळचा शर्यतीच्या मोटारी बनवणारा, 1907 च्या फ्रेंच ग्राँ-प्रीमध्ये स्वतः उतरलेला. त्यानं रणगाड्याला मोठाली चाकं दिली, प्रत्येक चाकाला स्वतंत्र लांब स्प्रिंग दिली आणि विमानाचं इंजिन बसवलं. टनामागे अश्वशक्ती पस्तीसच्याही वर गेली. 1928 चा त्याचा रणगाडा चेनवर ताशी 65 किलोमीटरच्या पुढे पळायचा आणि चेन काढून नुसत्या चाकांवर, रस्त्यावर, शंभरच्या पुढे. अमेरिकन लष्करानं मोजकेच घेतले, कारण ख्रिस्टीशी व्यवहार करणं कोणालाच जमेना. रशियानं मात्र 1930 मध्ये दोन रणगाडे विकत घेतले. टरेट (तोफेचा फिरता बुरूज) न बसवता, कागदोपत्री ‘शेतीचे ट्रॅक्टर’ म्हणून, ते बोटीनं रवाना झाले. त्यातून रशियाची बीटी ही वेगवान रणगाड्यांची मालिका उभी राहिली. असे सुमारे 8 हजार रणगाडे तिथं बनले. दुसऱ्या महायुद्धातला प्रसिद्ध टी-34 याच घराण्यातला. ख्रिस्टीची स्प्रिंग त्यानं ठेवली आणि चिलखत जाड केलं.

1936 मध्ये रशियन सैन्याचे सराव पाहायला इंग्लंडहून दोन अधिकारी गेले. एक तोच गॅरेजवाला मार्टेल आणि दुसरे वेव्हेल, जे पुढे भारताचे व्हाइसरॉय झाले. धावत्या बीटी पाहून मार्टेल थक्क झाला. परतल्यावर त्यानं खटपट केली आणि लॉर्ड नफील्ड यांच्या कंपनीमार्फत ख्रिस्टीचा एक रणगाडा इंग्लंडात आणवला. नफील्ड म्हणजे मॉरिस मोटारींचे मालक. त्यांच्याच मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून पुढे आपली अ‍ॅम्बॅसडर आली. ब्रिटनचे ‘क्रूझर’ रणगाडे या व्यवहारातून निघाले.

नगरच का?

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश टँक कोअरला भारतात काम मिळालं ते प्रामुख्यानं वायव्य सरहद्दीवर. सुरुवातीला तिथं चिलखती मोटारी होत्या. रोल्स-रॉइसच्या, आणि 1925 च्या सुमाराला आलेल्या क्रॉसली कंपनीच्या. क्रॉसलीचं टरेट घुमटासारखं गोल होतं, कारण गोलाव्यावर गोळी घसरून जाते. आतून अ‍ॅस्बेस्टॉसचा थर दिलेला होता, कारण सरहद्दीवरच्या उन्हात तापलेल्या पत्र्याआड माणूस टिकणं हाच मोठा प्रश्न होता. पण चाकांच्या मोटारी रस्ता सोडून जाऊ शकत नव्हत्या आणि पठाणी टोळ्या रस्त्यावर येऊन लढत नव्हत्या. म्हणून चेनवरच्या हलक्या रणगाड्यांची मागणी झाली. भारतासाठी थोडे बदल करून ‘इंडियन पॅटर्न’चे रणगाडे बनले.

या दलाला शिकायला जागा हवी होती आणि ती नगरला मिळाली. 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतल्यापासून इथं इंग्रजांची छावणी होती. दौंड-मनमाड लोहमार्ग दारात होता. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग, पाऊस बेताचा. छावणीभोवती मुरमाड, उघडा, उंचसखल माळ. कुठे टणक जमीन, कुठे नाले, कुठे दगड, जवळच काळं चिकट रान. रणगाडा शिकवायला याहून सोयीची भूमी मिळणं अवघड. 1920 च्या दशकात इथं रॉयल टँक कोअरची शाळा चालू झाली. दुसऱ्या महायुद्धात तिची ‘फायटिंग व्हेइकल्स स्कूल’ झाली. त्या वर्षांत एकीकडे माळावर रणगाड्यांचं शिक्षण जोरात चालू होतं आणि तिथून जवळच, भुईकोट किल्ल्यात, ऑगस्ट 1942 पासून नेहरू, पटेल, आझाद अटकेत होते. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये प्रशिक्षणाच्या वेगवेगळ्या शाखा एकत्र करून आजचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं.

सरहद्दीवर हलक्या रणगाड्यांची पहिली परीक्षा मोहमंद टोळ्यांविरुद्धच्या 1935 च्या मोहिमेत झाली. मोहिमेतल्या दोन ब्रिगेडचे प्रमुख ऑकिनलेक आणि अलेक्झांडर होते. दोघंही पुढे मोठे सेनानी झाले. सव्वाचार टनांच्या आसपासचे ‘मार्क 2’ रणगाडे, आत दोन माणसं, एक मशीनगन, चिलखत जास्तीत जास्त 10 मिलिमीटर. टोळ्यांकडे रायफली होत्या, तोफा नव्हत्या. 10 मिलिमीटरचा कडक पत्रा रायफलच्या गोळीला पुरेसा होता. अरुंद रस्ते आणि कच्चे पूल हलक्या वजनाला मानवत होते. हलका रणगाडा तिथं खरोखरच उपयोगी पडला. मात्र रायफलीपुढे टिकला म्हणजे तोफेपुढेही टिकेल, असा निष्कर्ष त्या अनुभवातून निघत नव्हता.

याच काळात भारतीय घोडदळाचे घोडे जाऊ लागले. पहिल्या महायुद्धानंतरच्या फेररचनेत 39 रेजिमेंटच्या 21 झाल्या होत्या. 1938 मध्ये सिंध हॉर्स आणि 13 लान्सर्स या रेजिमेंटनी सगळ्यात आधी घोडे सोडून यंत्रं घेतली. सिंध हॉर्सच्या त्या बदलाची आठवण म्हणून भारतीय चिलखती दल दरवर्षी 1 मे रोजी ‘आर्मर डे’ पाळतं. महाराष्ट्र दिनाच्या दिवशीच छावणीत हा दुसरा उत्सव असतो. 1 मे 1941 रोजी सगळ्या यंत्रसज्ज रेजिमेंट मिळून इंडियन आर्मर्ड कोअर झाली. सवार, दफेदार, रिसालदार ही घोडदळातली पदं चिलखती दलात आजही तशीच चालतात.

पिढ्यान्‌पिढ्या घोडा सांभाळलेल्या जवानाला आता वेगळीच विद्या शिकायची होती. कोणी चालक झाला, कोणी तोपची, कोणी वायरलेस ऑपरेटर. या तिघांतला शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा ठरणार आहे, हे त्या वेळी फार थोड्यांच्या लक्षात आलं होतं.

हा-गो जवळून पाहताना

नगरच्या लष्करी भागातलं कॅव्हलरी टँक म्युझियम 1994 च्या फेब्रुवारीत सुरू झालं. आशियात त्या प्रकारचं हे एकमेव मानलं जातं. रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून पुढच्या युद्धांतल्या रणगाड्यांपर्यंत पन्नासेक यंत्रं तिथं आहेत. त्यांत एक बुटका जपानी रणगाडा आहे, टाइप 95 ‘हा-गो’. दोन महायुद्धांमधला वेगवान हलका रणगाडा कसा होता हे पाहायचं असेल तर या एका गाडीपाशी निवांत थांबावं.

जपानी सैन्याच्या लॉऱ्या ताशी 40 किलोमीटरनं पळत होत्या आणि रणगाडे मागे पडत होते. म्हणून लॉऱ्यांबरोबर धावेल असा रणगाडा हवा, अशी मागणी 1933 मध्ये झाली आणि 1935 मध्ये हा-गो तयार झाला. वजन 7.4 टन, इंजिन 120 अश्वशक्तीचं, वेग ताशी 45 किलोमीटरच्या आसपास. इंजिन हवेनं थंड होणारं आणि डिझेलवर चालणारं. मांचुरियाच्या कडाक्याच्या थंडीत रेडिएटरचं पाणी गोठण्याचा प्रश्न त्यामुळे मिटला, आणि पेट्रोलपेक्षा डिझेल पेट घ्यायला आळशी, हा वरचा फायदा.

बाजूनं पाहिलं की चाकांच्या दोन जोड्या दिसतात. प्रत्येक जोडी एका आडव्या दांडीला बांधलेली आणि दोन्ही जोड्यांच्या मध्ये, अंगाला समांतर, नळीत बसवलेली जाड स्प्रिंग. दगडावर एक जोडी उचलली गेली की ती स्प्रिंग दाबते आणि धक्का मुरतो. सोपी, स्वस्त, दुरुस्तीला हलकी रचना.

मग टरेटकडे पाहावं. ते इतकं लहान आहे की आत एकच माणूस मावतो. आतमध्ये पुढे 37 मिलिमीटरची तोफ, मागच्या बाजूला एक मशीनगन. तो एकटा माणूस गाडीचा कमांडर. शत्रू कुठे आहे हे पाहायचं त्यानं, चालकाला वाट सांगायची त्यानं, गोळा भरायचा त्यानं, नेम धरायचा त्यानं, तोफ डागायची त्यानं, आणि मागून कोणी आलं तर वळून मशीनगनही चालवायची त्यानंच. ताशी 45 किलोमीटरनं पळणारी गाडी आणि तिच्यात विचार करायला सवड नसलेला माणूस, असा हा मामला.

शेवटी चिलखत. जास्तीत जास्त 12 मिलिमीटर. रायफलच्या गोळीला पुरेसं, पण रणगाडाविरोधी तोफेच्या हिशेबी जवळजवळ नसल्यासारखं. याच म्युझियममध्ये ब्रिटिशांचा ‘माटिल्डा’ही आहे. त्याच दशकात आखलेला, पण उलट्या विचाराचा. साडेसव्वीस टन, पुढचं चिलखत 78 मिलिमीटर, वेग जेमतेम 24 किलोमीटर. एकाच दशकानं एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन टोकांची उत्तरं.

परीक्षेचा निकाल

हलक्या रणगाड्यांच्या दोषांची पहिली झलक स्पेनच्या यादवी युद्धात दिसली. 29 ऑक्टोबर 1936 रोजी माद्रिदजवळ सेसेन्याला रशियन टी-26 आणि कार्डन-लॉइडच्या वळणावर बनलेले इटालियन छोटे रणगाडे समोरासमोर आले. टी-26 कडे 45 मिलिमीटरची तोफ, इटालियनांकडे फक्त मशीनगन. काय झालं असेल ते सांगायला नको. 1939 मध्ये मंगोलियात खाल्खिन-गोलला रशियाचे बीटी आणि जपानचे हा-गो एकमेकांवर धावले. दोन्हीकडे वेग होता, पण दोघांचंही चिलखत पातळ. बीटी पेट्रोलवर चालायचे, त्यामुळे जपानी सैनिकांच्या पेटत्या बाटल्यांनीही पेट घ्यायचे. शेवटी रशियन सेनापती झुकॉव्हनं रणगाडे, तोफखाना, पायदळ आणि विमानं एकत्र गुंफून जपान्यांना वेढलं, तेव्हा निकाल लागला.

मग आलं मे 1940. फ्रान्समध्ये उतरलेल्या ब्रिटिश फौजेत बहुसंख्य रणगाडे ‘मार्क 6’ या हलक्या जातीचे होते. कार्डन-लॉइडच्या दीड टनी ‘मार्क 6’हून हे वेगळे. सव्वापाच टन, ताशी 56 किलोमीटर, चिलखत 14 मिलिमीटर, शस्त्रं फक्त मशीनगन. टेहळणीसाठी बनवलेल्या या गाड्यांना रणगाड्यांशी आणि तोफांशी झुंजायला लावलं आणि त्या भराभर कामी आल्या. सरहद्दीवर कमावलेला आत्मविश्वास फ्रान्समध्ये गळून पडला.

पण याच मोहिमेत एक कोडं आहे. त्याच महिन्यात फ्रान्स जिंकणाऱ्या जर्मन फौजेतही निम्म्याहून अधिक रणगाडे हलकेच होते, पँझर-1 आणि पँझर-2. पँझर-1 वर तर फक्त दोन मशीनगन. फ्रेंचांचे पुष्कळ रणगाडे त्यांच्याहून जाड चिलखताचे आणि मोठ्या तोफांचे. तरी जर्मन जिंकले. व्हर्सायच्या तहानं बंदी घातली असताना त्यांनी रशियातल्या कझानजवळ गुपचूप शाळा चालवून हे तंत्र गिरवलं होतं. त्यांनी रणगाड्यांमध्ये वायरलेस संच बसवले, पायदळ, तोफखाना, इंजिनिअर आणि विमानं यांच्याबरोबर रणगाडे एका हुकुमाखाली ठेवले आणि हलक्या रणगाड्याला ठरवून शोध आणि पाठलागाचं काम दिलं. पँझर-1 चा वेग ताशी 37 किलोमीटरच होता, पण हुकूम पोचायला आणि निर्णय व्हायला लागणारा वेळ त्यांनी शत्रूच्या कितीतरी पट कमी केला होता. ब्रिटनमध्ये 1927 मध्येच सॅलिसबरीच्या माळावर यंत्रसज्ज पथकाचे प्रयोग झाले होते. त्या प्रयोगांतलं सार जर्मनांनी पुरतं उचललं.

हा-गोची कहाणीही याच चालीनं गेली. 7 जानेवारी 1942 रोजी मलायात स्लिम नदीपाशी जपानी रणगाडे रात्रीच्या अंधारात रस्त्यानं सरळ आत घुसले. समोरच्या ब्रिटिश-भारतीय फौजेकडे एकही रणगाडा नव्हता, आणि 11 वी इंडियन डिव्हिजन कोलमडली. दोनच महिन्यांनी ब्रह्मदेशात पेगूजवळ हा-गोंची गाठ अमेरिकन बनावटीच्या स्टुअर्टशी पडली आणि ते मागे पडले. 20 मार्च 1944 रोजी इंफाळच्या वाटेवर तमूच्या बाजूला मोठ्या ‘ली’ रणगाड्यांनी हा-गोंची एक तुकडीच उद्ध्वस्त केली. शत्रूकडे रणगाडाविरोधी शस्त्र नसलं तर हा-गो अजिंक्य होता, आणि असलं तर त्याचा निभाव लागत नव्हता.

झोजिला आणि त्यानंतर

हलक्या रणगाड्याची सगळ्यात मोठी कामगिरी मात्र महायुद्धात झाली नाही. ती झाली 1 नोव्हेंबर 1948 रोजी झोजिला खिंडीत, साडेतीन हजार मीटर उंचीवर.

त्या वर्षी काश्मीरच्या युद्धात लेहची वाट पाकिस्तानच्या बाजूनं लढणाऱ्या शत्रूनं झोजिलापाशी अडवून धरली होती. कपारींत मशीनगन लावून बसलेल्या टोळ्यांपुढे पायदळाचे आधीचे हल्ले फसले होते. मेजर जनरल थिमय्यांनी धाडसी बेत केला : रणगाडेच वर चढवायचे. लेफ्टनंट कर्नल राजिंदरसिंग ‘स्पॅरो’ यांच्या 7 लाइट कॅव्हलरीकडे स्टुअर्ट रणगाडे होते. स्टुअर्ट म्हणजे दोन युद्धांमधल्या अमेरिकन हलक्या रणगाड्याचाच वाढीव अवतार. ताशी 58 किलोमीटर वेग, 37 मिलिमीटरची तोफ आणि वजन बेताचं. वाटेतल्या कच्च्या पुलांवर भार कमी व्हावा आणि काय चाललंय हे कोणाला कळू नये म्हणून टरेट काढून ते वाहून नेले. बालतालहून वर जाणारी खेचरांची पायवाट मद्रास सॅपर्सनी रुंद केली. बर्फ पडत असताना रणगाडे खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडा येईल हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हतं. मोर्चे ढासळले, आणि महिना संपायच्या आत द्रास आणि कारगिल परत मिळून लेहची वाट मोकळी झाली.

या लढाईत स्टुअर्टचा वेग कामाला आलाच नाही, कारण त्या चढावर तो सरपटतच गेला. कामाला आला त्याचा हलकेपणा. शर्मनसारखा तीस टनांचा रणगाडा त्या पुलांवरून आणि त्या वाटेनं गेला नसता. 1962 च्या ऑक्टोबरात, चीनशी युद्ध चालू असताना, लडाखमधल्या चुशूलला फ्रेंच बनावटीचे पंधरा टनांच्या आतले एएमएक्स-13 रणगाडे विमानानं पोचवले गेले, ते याच गुणामुळे. 2020 मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर 45 टनांच्या आसपासचे टी-72 आणि टी-90 लडाखमध्ये उभे करावे लागले, तेव्हा हलक्या रणगाड्याची उणीव पुन्हा जाणवली. त्यातून डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रो यांनी ‘जोरावर’ बनवला. 2024 च्या जुलैत हजिऱ्याला तो प्रथम दाखवला गेला. 25 टन, 105 मिलिमीटरची तोफ, टनामागे सुमारे 30 अश्वशक्ती.

टनामागे अश्वशक्तीचं ते जुनं गणित आणि चिलखताचा तोच सौदा. फरक एवढाच, की आता धोका समोरच्या तोफेइतकाच वरून येणाऱ्या ड्रोनचाही आहे. 1930 च्या दशकातल्या इंजिनिअरांनी वेग मिळवला होता, त्यांच्या कामात फारशी खोट नव्हती. खोट होती ती त्या गाड्यांना नेमून दिलेल्या कामात. टेहळणीला, पाठलागाला आणि जड रणगाडा पोचत नाही अशा वाटेला हलका रणगाडा लावला तेव्हा त्यानं बाजी मारली. जागेवर उभं राहून मार खायला लावला तेव्हा आतल्या माणसांसकट तो जळाला. जोरावरच्या बाबतीतही निकाल त्याच्या स्पीडोमीटरवर ठरणार नाही. त्याला कुठे पाठवायचं आणि कुठे पाठवायचं नाही, हे ठरवणाऱ्याच्या शहाणपणावर तो ठरेल.